घरचा टेलिफोन, घरचे एक्स्चेंज

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गेल्या काही वर्षांत फायबरची, म्हणजे काचतंतूची, इंटरनेट-जोडणी आली आहे. ती बसविणारा माणूस भिंतीवर एक लहानशी पेटी लावून जातो. पेटीच्या मागच्या अंगाला इंटरनेटच्या खाचांशेजारी आणखी एक छोटी खाच असते. तीत जुन्या टेलिफोनची पिन बरोबर बसते. रिसीव्हर उचलला की पूर्वीसारखाच सूर कानी पडतो, आणि आपल्याला वाटते, आपला जुना टेलिफोनच नव्या तारेवर आला.

वस्तुतः तसे झालेले नाही. तो सूर आता टेलिफोन एक्स्चेंजमधून येत नाही. भिंतीवरची पेटीच तो तयार करते. घंटाही तीच वाजविते, आणि आपला आवाज आकड्यांत बदलून इंटरनेटच्या रीतीने बाहेर पाठविण्याचे कामही तीच करते. म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातला एक हिस्सा आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला आहे, आणि बहुतेकांना त्याची वार्ताही नाही. काही हौशी माणसे याच्याही पुढे जातात. ती एक लहान संगणक घेऊन सारे एक्स्चेंजच घरात उभे करतात. हे कसे करतात, त्यामागचे तत्त्व काय, आणि ते करताना कोणत्या गोष्टी आपल्या शिरावर येतात, एवढेच या व्याख्यानात सांगावयाचे आहे.

जुन्या तारेने काय काय दिले?

नवी वस्तू समजून घ्यावयाची तर आधी जुनी नीट पाहिली पाहिजे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८२ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंजे सुरू झाली. पुढे जी मूळ रचना रुळली ती परवापरवापर्यंत एकच राहिली. एक्स्चेंजपासून प्रत्येक घरापर्यंत तांब्याच्या दोन तारा येत. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असे आणि तिचा ४८ व्होल्टचा दाब त्या तारांवर सदैव असे. आपण रिसीव्हर उचलला की मंडल पुरे होई, प्रवाह वाहू लागे, आणि एक्स्चेंजला कळे की अमुक घराला बोलावयाचे आहे.

या साध्या रचनेतून ग्राहकाला तीन गोष्टी आपोआप मिळत. टेलिफोनला लागणारी वीज एक्स्चेंज पुरवी. म्हणून गावातले दिवे गेले तरी टेलिफोन चाले. तारेचे दुसरे टोक कोणत्या घरात आहे हे एक्स्चेंजला ठाऊक असे. म्हणून मदतीची हाक आली तर पत्ता शोधता येई. आणि तारेला हात लावल्यावाचून कोणा परक्याला आपल्या नावावर बोलता येत नसे. या तिन्ही गोष्टींसाठी आपण वेगळे पैसे मोजले नाहीत, म्हणून त्यांची किंमतही आपल्याला कधी कळली नाही.

एक्स्चेंज ज्याच्या हाती असते त्याच्या हाती किती सत्ता असते, याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचे एक गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. एक्स्चेंजमधील बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याला जोडून देते असा त्यांना संशय आला, असे सांगतात. संशय खरा की खोटा हे बाजूला ठेवू. त्यातून त्यांनी माणसावाचून चालणारे स्वयंचलित एक्स्चेंज शोधून काढले, आणि १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले. आपल्या देशात ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान प्रथम झाली. त्यापूर्वी, आणि बऱ्याच गावी त्यानंतरही कितीतरी वर्षे, ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. कारण उघड आहे. दोन माणसे बोलत असेतोवर त्यांच्यामधील सबंध वाट फक्त त्यांच्यासाठी अडवून ठेवावी लागे. ती दोघे गप्प बसली तरी वाट अडलेलीच!

आवाजाची पाकिटे

इंटरनेटवरच्या टेलिफोनात अशी वाट कोणासाठीही अडवीत नाहीत. येथे आवाजाची पाकिटे करून ती टपालासारखी सोडून देतात. पण मुळात आवाजाचे पाकीट करावयाचे कसे?

याचे उत्तर अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३८ सालच्या आपल्या पेटंटात दिले होते. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. हे चढउतार ठराविक वेळाने मोजावेत आणि मापांचे आकडे पाठवावेत. पलीकडे त्या आकड्यांवरून पुन्हा आवाज घडवावा. आज टेलिफोनसाठी सेकंदाला ८,००० वेळा माप घेतात, आणि प्रत्येक माप ८ बिटांत, म्हणजे शून्य आणि एक या दोनच अंकांच्या आठ घरांत, लिहितात. ८,००० ला ८ ने गुणले की सेकंदाला ६४,००० बिट होतात. टेलिफोनवरच्या एका आवाजाचे हे प्रमाण माप होय.

इंटरनेटवर या आकड्यांचे सामान्यतः सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे पाडतात. म्हणजे एका पाकिटात १६० मापे, आणि सेकंदाला ५० पाकिटे. प्रत्येक पाकिटावर कोणाकडून, कोणाकडे, कितवे, असा मजकूर लिहावा लागतो. त्याला आणखी ४० अक्षरांएवढी जागा लागते. हा सारा बोजा धरून एका दिशेच्या संभाषणाला सेकंदाला ८० ते ९० हजार बिट लागतात. आजच्या फायबरच्या मानाने ही गोष्ट क्षुल्लक आहे. तेव्हा बोलणे तुटते याचे कारण बहुधा वेग कमी असणे हे नसते. पाकिटे वेळेवर न पोचणे हे असते.

येथे टपालाचाच दाखला पुढे नेऊ. इंटरनेटवर दोन प्रकारचे टपाल असते. एक रजिस्टर्ड पत्रासारखे: पोच घ्यावयाची, आणि गहाळ झाले तर पुन्हा पाठवावयाचे. पैशांचा व्यवहार किंवा छायाचित्र पाठविताना हेच लागते. दुसरे साध्या पोस्टकार्डासारखे: टाकले आणि विसरले. बोलण्यासाठी हे दुसरेच सोयीचे असते. ‘उद्या सकाळी ये’ यातला ‘सकाळी’ हा शब्द गहाळ झाला आणि तो दोन सेकंदांनी पुन्हा आला, तर त्याचा उपयोग काय? तोवर वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून एखाददुसरे पाकीट हरवले तर ऐकणारे यंत्र आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बुजविते आणि पुढे जाते.

पाकिटे सोडताना सारख्या अंतराने सोडलेली असतात, पण वाटेतल्या गर्दीमुळे ती मागेपुढे येतात. ऐकणारे यंत्र म्हणून पंगतीतल्या यजमानासारखे थोडा वेळ थांबते. चारदोन पाकिटे जमली की वाढायला सुरुवात करते. त्यानंतर येणाऱ्याला मात्र पान नाही. हा थांबण्याचा वेळ फार ठेवला तर बोलणाऱ्यांची टक्कर होऊ लागते: दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही एकदम थांबतात. तोंडातून शब्द निघाल्यापासून कानी पडेपर्यंत एका दिशेला १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक वेळ जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातील सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, आणि काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे निसर्गच आपल्या हिशेबातले साठ मिलिसेकंद आधी कापून घेतो. उरलेल्या नव्वदात घरची उधळपट्टी होऊ नये, एवढेच आपल्या हाती असते.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर १९७४ साली पाकिटांतून आवाज पाठविण्यात आला होता. सामान्य माणसाच्या संगणकावर मात्र ती आली ती १९९५ साली, इस्रायलमधील व्होकलटेक या कंपनीच्या ‘इंटरनेट फोन’ने. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात जनतेसाठी इंटरनेट खुले झाले.

माणूस सापडतो कसा?

तांब्याच्या तारेत नंबर म्हणजे तार. इंटरनेटवर अशी तार नाही. मग नंबर फिरविल्यावर माणूस सापडावा कसा? यासाठी जी बोलाचालीची रीत ठरली आहे तिला थोडक्यात ‘सिप’ म्हणतात. तिचा पहिला प्रमाण मसुदा १९९९ साली निघाला आणि सुधारलेला २००२ साली.

परगावी शिकायला गेलेला मुलगा खोली बदलली की टपाल कचेरीत नवा पत्ता कळवितो, तशी ही रीत आहे. प्रत्येक टेलिफोन चालू झाल्याबरोबर आपल्या एक्स्चेंजला कळवितो, “मी १०२ नंबरचा, सध्या अमुक पत्त्यावर आहे, हा माझा परवलीचा शब्द.” आणि ही नोंद तो ठराविक वेळाने ताजी करीत राहतो. कोणी १०२ फिरविला की एक्स्चेंज वही उघडून पाहते आणि त्या पत्त्यावर निरोप धाडते. पलीकडून ‘घंटा वाजते आहे’ असा निरोप येतो, मग ‘उचलला’ असा, आणि बोलणे सुरू होते. एक गंमत लक्षात घ्या. टेलिफोन घरात आहे की बंगलोरला, याच्याशी एक्स्चेंजला कर्तव्य नाही. नोंद असली म्हणजे झाले. या रीतीचा हा मोठा गुण. आणि पुढे दिसेल की हाच तिचा मोठा धोकाही आहे.

या रीतीत नेहमी येणारी एक अडचण सांगतो, कारण नवशिक्याचा सर्वांत जास्त वेळ तीच खाते. घरातल्या सर्व यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता असतो. जुन्या वाड्याला रस्त्यावर एकच घरनंबर असतो आणि आत दहा बिऱ्हाडे असतात, तसेच हे. राउटर हा त्या वाड्याच्या देवडीवरचा माणूस. आपला टेलिफोन निरोपात भाबडेपणाने लिहितो, ‘आवाज माझ्या खोली नंबर तीनवर पाठवा.’ बाहेरच्या जगाला ही खोली ठाऊकच नसते. परिणाम असा होतो की आपला आवाज पलीकडे जातो, पण पलीकडचा आपल्याला येत नाही. असे एकतर्फी बोलणे झाले की यंत्र बिघडले असे समजू नये. पत्ता चुकला आहे असे समजावे. टेलिफोनला किंवा एक्स्चेंजला बाहेरचा खरा पत्ता सांगण्याची सोय त्यांच्या मांडणीत असते, ती वापरावी. पुष्कळ राउटरांत सिपचे निरोप मध्येच वाचून दुरुस्त करण्याची एक सोय असते. ती बहुधा साह्यापेक्षा घोटाळाच अधिक करते, म्हणून ती बंद करून पाहावी.

घरातली मांडणी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, एक दुमजली घर आहे. खाली एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, मागे स्वयंपाकघर, वर सासूबाईंची खोली, आणि मुलगा परदेशी. घरातल्या घरात बोलता यावे आणि मुलालाही त्याच साखळीत घ्यावे, एवढी गरज आहे.

पहिली वस्तू म्हणजे एक्स्चेंज. त्यासाठी रास्पबेरी पाय या नावाचा तळहाताएवढा संगणक पुरतो. २०१२ सालापासून तो बाजारात आहे. त्यावर ‘ॲस्टरिस्क’ नावाची प्रणाली चढवावयाची. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ती १९९९ साली लिहिली, आणि ती सर्वांना मोफत वापरण्यास, तपासण्यास व बदलण्यास खुली आहे. टेलिफोनच्या बटणांवर तारकेची जी खूण असते, तिचेच हे इंग्रजी नाव. ज्यांना आज्ञा टंकित करण्याचा कंटाळा, त्यांच्यासाठी तिच्यावर आधारलेल्या आणि चित्रमय पाटीवरून चालणाऱ्या प्रणालीही आहेत.

दुसरी वस्तू म्हणजे टेलिफोन. तो तीन प्रकारचा असू शकतो. सिप जाणणारा नवा टेबलावरचा फोन घ्यावा. किंवा मोबाइलमध्ये सिपचे ॲप घालावे. किंवा आपला जुना टेलिफोनच अडॅप्टर नावाच्या डबीला जोडावा. या डबीला एका बाजूने इंटरनेटची केबल आणि दुसऱ्या बाजूने टेलिफोनची तार लागते. सासूबाईंच्या खोलीसाठी हा तिसरा मार्गच उत्तम. हातात ओळखीचा रिसीव्हर राहतो आणि नवे काही शिकावे लागत नाही. तबकडी फिरविण्याचा जुना फोन असेल तर मात्र घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. तबकडीचे ठोके सगळ्याच डब्या ओळखतात असे नाही.

तिसरी वस्तू म्हणजे जोडणी. टेबलावरचे फोन आणि अडॅप्टर शक्य तो केबलने राउटरला जोडावेत. बिनतारी वाय-फायवर भिंती आणि शेजाऱ्यांचे राउटर मध्ये येतात, आणि पाकिटांचा वक्तशीरपणा बिघडतो. राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना आधी वाट देण्याची सोय असेल तर ती चालू करावी. नाहीतर कोणी मोठा चलच्चित्रपट पाठवू लागले की घरातले सर्व बोलणे अडखळू लागते.

मग नंबर वाटावेत. दवाखाना १०१, स्वयंपाकघर १०२, सासूबाई १०३, मुलगा १०४. प्रत्येक नंबरला स्वतंत्र परवलीचा शब्द द्यावा. नंतर एक्स्चेंजला नियम सांगावेत. दवाखान्याचा फोन पाच घंटांत कोणी उचलला नाही तर तो स्वयंपाकघरात वाजावा. रात्री दहानंतर १०३ वर फक्त घरातले फोन वाजावेत. कोणी नसेल तर निरोप ध्वनिमुद्रित व्हावा. पूर्वी मोठ्या कचेऱ्यांनाच परवडणाऱ्या या सोयी आज काही ओळी लिहून मिळतात. प्रथम घरातल्या घरात दोन फोनांवर बोलून पाहावे. ते स्वच्छ चालल्यावाचून बाहेरचा विचार करू नये.

मुलाचा फोन जोडताना आणखी एक गाठ सोडवावी लागते. पुष्कळ इंटरनेट कंपन्या प्रत्येक घराला स्वतंत्र बाहेरचा पत्ता देत नाहीत. अनेक घरे मिळून एकाच पत्त्यामागे असतात. अशा वेळी बाहेरून घरचे एक्स्चेंज सापडत नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता मागून घ्यावा, किंवा मुलगा आणि घर यांच्यामध्ये गुप्तलेखनाने बंद केलेला खाजगी बोगदा तयार करावा. हा दुसरा मार्ग सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चांगला. त्यातून मुलाने १०३ फिरविला की आजीच्या उशाशी घंटा वाजते. हे इंटरनेटवरून इंटरनेटवरचे बोलणे झाले. त्याला ट्रंक कॉलचा दर नाही.

बाहेरच्या जगाची वेस

येथपर्यंत सारे घरातल्या घरात आहे. सामान्य टेलिफोनवर बोलावयाचे म्हटले की वेस ओलांडावी लागते, आणि वेशीवर कायदा उभा असतो. आपल्या देशात इंटरनेटवरील टेलिफोनला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. देशांतर्गत सामान्य नंबरांशी अशी जोडणी देण्याचा मार्ग परवानाधारक कंपन्यांना २०१८ साली मोकळा झाला. तेव्हा बाहेरचा नंबर हवा असेल तर तो परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावा, आणि आपल्या एक्स्चेंजला तो जोडण्याची मुभा आहे की नाही हे लेखी विचारून घ्यावे.

जे मुळीच करू नये तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परदेशातून इंटरनेटवर आलेले बोलणे घरच्या लँडलाइनमधून किंवा मोबाइलच्या सिममधून इतरांना जोडून देणे, हे तंत्राच्या दृष्टीने दहा मिनिटांचे काम आहे; कायद्याच्या दृष्टीने ते बेकायदा एक्स्चेंज होय. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात परवानगीवाचून दूरसंचार सेवा देण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ‘तुमच्या घरी एक पेटी ठेवू द्या, महिन्याला भाडे देतो’ असे सांगत कोणी आले, तर पेटीत काय आहे हे आता आपण ओळखू शकाल.

शिरावर येणाऱ्या गोष्टी

जुनी तार ज्या तीन गोष्टी आपोआप देत असे, त्या आता एकेक करून पाहू. एक्स्चेंज घरात आले की त्या आपल्याकडे येतात.

पहिली वीज. फायबरच्या काचेतून प्रकाश येतो, वीज येत नाही. घरची वीज गेली की पेटी, राउटर, एक्स्चेंज, अडॅप्टर सारेच मुके. हिशेब सोपा आहे. ही सर्व यंत्रे मिळून सुमारे २५ वॉट खातात असे धरा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी ८४ वॉट-तास साठविते. वाया जाणारा भाग वगळून साठ उरले, तर सव्वादोन तासांहून थोडे अधिक निघतात. केवळ संगणकाला बॅटरी देऊन राउटर विसरला तर सारेच व्यर्थ. शिवाय कंपनीचे एखादे विजेवर चालणारे यंत्र जिन्यात किंवा शेजारच्या इमारतीत असेल, तर आपली बॅटरी असूनही वाट बंद पडते. हे चौकशी करून पाहावे.

या गोष्टीला किती महत्त्व आहे ते ब्रिटनने अनुभवले. तेथे एकटे राहणारे पुष्कळ वृद्ध गळ्यात एक कळ अडकवितात. पडलेझडले तर ती दाबावयाची, म्हणजे टेलिफोनवरून मदतकेंद्राला सूचना जाते. कंपन्या ग्राहकांना जुन्या तारेवरून इंटरनेटच्या टेलिफोनवर आणू लागल्या तेव्हा काही ठिकाणी या कळा निकामी झाल्याचे उघडकीस आले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार आणि कंपन्या यांनी करार करून सक्तीची बदली थांबविली. जुनी व्यवस्था बंद करण्याची मुदत आधी २०२५ अखेरची होती, ती पुढे ३१ जानेवारी २०२७ पर्यंत नेण्यात आली. ज्यांच्यापाशी दुसरे साधन नाही त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास तरी मदत मागता यावी, असा तेथील नियामकाचा दंडक आहे. जे एका देशाला कळायला वेळ लागला, ते आपण आपल्या घरापुरते आधीच करू शकतो.

दुसरा पत्ता. फोन कोठेही नेता येतो, म्हणून तो कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००५ साली अशा टेलिफोन कंपन्यांवर ग्राहकाचा पत्ता नोंदवून तो मदतकेंद्राला पुरविण्याचे बंधन घातले. त्याच देशातली आणखी एक घटना प्रत्येक घरगुती एक्स्चेंजवाल्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधील मार्शल गावच्या एका हॉटेलात एका बाईंवर हल्ला झाला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीने चार वेळा ९११ हा मदतीचा नंबर लावला आणि तो एकदाही लागला नाही. कारण त्या हॉटेलच्या फोनवर बाहेरच्या लायनीसाठी आधी ९ दाबावा लागत असे, आणि हे मुलीला माहीत नव्हते. बाई वाचल्या नाहीत. त्यांच्या नावाचा कायदा २०१८ साली झाला: कोणतेही आगाऊ आकडे न लावता मदतीचा नंबर लागलाच पाहिजे. आपल्या घरच्या नियमांत ‘बाहेरसाठी आधी शून्य’ असे लिहिताना ११२ हा नंबर त्यातून वगळलाच पाहिजे. आणि तो आपल्या जोडणीवरून लागतो की नाही, लागल्यास पत्ता कोणता दिसतो, हे कंपनीला विचारून ठेवले पाहिजे. उत्तर समाधानकारक नसेल, तर मदतीसाठी एक भरलेला मोबाइल ठरलेल्या जागी ठेवावा आणि तसे सर्वांना सांगावे.

तिसरे कुलूप. इंटरनेटवर उघडे ठेवलेले सिपचे दार चोर यंत्रांच्या साह्याने अहोरात्र हुडकीत असतात. १०१ नंबरचा परवलीचा शब्दही १०१ असेल तर तो त्यांना पहिल्याच फटक्यात सापडतो. मग मध्यरात्री आपल्या खात्यावरून परदेशांतील महागड्या नंबरांवर बोलणी सुरू होतात आणि बिल आपल्याला येते. उपाय कठीण नाहीत: लांब आणि अर्थहीन परवलीचे शब्द, बाहेरचे दार बंद ठेवून फक्त खाजगी बोगद्यातून ये-जा, परदेशी नंबर मुळात बंद, आणि कंपनीकडे खर्चाची मर्यादा. आपले बोलणे गुप्तलेखनात पाठविण्याची सोयही सिपमध्ये आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेली नसते. हे सारे घरातला एखादा हौशी मुलगा उभे करतो, आणि दोन वर्षांनी नोकरीसाठी दूर जातो. मागे राहतात त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणती पेटी कशासाठी आहे हे ठाऊक नसते. एक्स्चेंजमध्ये रात्रंदिवस माणसे असत. घरच्या एक्स्चेंजमध्येही कोणीतरी जाणते असावयास हवे. म्हणून ज्याने ते उभारले त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे: कोणती पेटी कोणत्या कामाची, बंद पडल्यास आधी काय बंद-चालू करावे, कोणाला विचारावे, आणि हे सर्व काढून टाकून साधा फोन पुन्हा कसा जोडावा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तो वाचून एकदा फोन सुरू करता आला, म्हणजे काम पुरे झाले.

ज्याला या चारही गोष्टी निभावता येतील त्याने घरी एक्स्चेंज अवश्य उभारावे. त्यातून पैसे थोडेफार वाचतील. पण खरा लाभ म्हणजे रोज हाताळली जाणारी एक वस्तू आतून समजते. ज्याला इतका खटाटोप नको असेल त्याने कंपनीच्या पेटीवर समाधान मानावे. पण त्याचीही सुटका नाही, कारण वर म्हटल्याप्रमाणे एक्स्चेंजचा एक हिस्सा त्याच्याही घरात आलेलाच आहे.

आज घरी गेल्यावर एक लहानसा प्रयोग करून पाहावा. भिंतीवरच्या त्या पेटीच्या विजेचे बटण बंद करावे आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावावा. सूर ऐकू आला तर घरात बॅटरीची सोय कोणीतरी आधीच केलेली आहे. ऐकू आला नाही, तर मध्यरात्री वीज गेली असता घरातला आजारी माणूस मदत कशी मागणार, हा प्रश्न आजच सर्वांनी मिळून सोडवावा.